चिमणीचा धूर आणि शेगडीचा धूर



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासद बंधूंनी एक सूचना मांडली. कागद कारखान्यांकडून बगॅसला भाव बरा येतो, तेव्हा आपला शिल्लक बगॅस विकून टाकावा आणि गळीत हंगाम संपल्यावर सहवीजनिर्मितीचा बॉयलर दगडी कोळशावर चालवावा. वीज विकली जाईल, बगॅसचेही पैसे होतील आणि उसाला टनामागे चार पैसे जास्त देता येतील, असा त्यांचा हिशोब होता. सूचनेला टाळ्या पडल्या. संचालक मंडळाने विचार करू असे सांगितले आणि विषय तेथे थांबला. पण सभा संपली म्हणून विषय संपत नाही. त्यानंतर लागणीच्या नोंदी पाहावयास आम्ही ज्या ज्या गावी गेलो तेथे पारावर, टपरीवर हाच प्रश्न : "सायेब, कोळशाचं काय झालं?"

वास्तविक हा विषय आमच्या खात्याचा नव्हे. बॉयलरचे चीफ इंजिनिअर साहेबांनी पाहावे आणि पैशाचे चीफ अकाउंटंट साहेबांनी. आमचे काम बेणे, लागण, खोडवा, खते आणि तोडणीचा प्रोग्रॅम. परंतु कोळसा आला तर तो सरळ बॉयलरपर्यंत जाईल आणि तेथेच जळून संपेल असे जे सर्वजण धरून चालले आहेत, ते आम्हांस पटत नाही. कारखान्याच्या आवारात आलेली वस्तू पुढे कोणत्या रानात, कोणाच्या कोपीत जाते हे गावोगाव फिरणाऱ्या शेतकी खात्याच्या माणसाला दिसते. म्हणून हा लेख. यातील मत आमचे आहे, ते कारखान्याचे धोरण समजू नये.

या प्रश्नावर सभासदांत दोन तट पडलेले आहेत. एक म्हणतो, कोळसा आणला की चिमणीतून विषारी धूर येणार आणि पंचक्रोशीत कॅन्सर पसरणार. दुसरा म्हणतो, आगगाडीची इंजिने इतकी वर्षे कोळशावर चालली, तेव्हा कोणाचे काय बिघडले? दोघांचेही बोलणे अर्धे खरे आहे. पहिल्याचे बोट चुकीच्या धुराकडे आहे. दुसऱ्याचा प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर दीडदोनशे वर्षे शोधून सापडलेले आहे आणि ते त्याच्या बाजूचे नाही.

प्रथम कोळसा म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे कोळसा दोन प्रकारचा. एक लोणारी, म्हणजे लाकूड मातीखाली दडपून भट्टी लावून केलेला. दुसरा दगडी, म्हणजे खाणीतला. आपल्या राज्यात तो चंद्रपूर, वणी या बाजूला निघतो. लोणारी कोळशातला धूर भट्टीतच निघून गेलेला असतो, त्यामुळे तो शेगडीत फारसा धुरत नाही. (बंद खोलीत तोही माणूस मारतो, पण ते कार्बन मोनॉक्साइड वायूमुळे. ती गोष्ट वेगळी.) दगडी कोळशातला धूर मात्र अजून आतच असतो. तो तापला की त्यातून वायू आणि डांबर सुटू लागते. भरपूर हवा आणि भरपूर उष्णता मिळाली तर हे सुटलेले सर्व जळून जाते. हवा कमी पडली, आग थंड असली, तर ते अर्धवट जळते, आणि मोडलेले तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटून कार्बनची कडी तयार होतात. एका कड्याला दुसरे कडे, दुसऱ्याला तिसरे, जशी मधमाश्यांच्या पोळ्याची घरे. दोन कड्यांचे नॅप्थॅलिन आपल्या सर्वांच्या घरी आहे. ट्रंकेत कपड्यांत ठेवतो ती डांबराची गोळी. तिचे नाव डांबराची गोळी पडले ते उगीच नव्हे. तीन कड्यांचे अँथ्रासिन. आणि पाच कड्यांचे एक आहे, वीस कार्बन आणि बारा हायड्रोजन, त्याचे नाव बेंझो-अ-पायरीन. या सर्व कुळाला रसायनशास्त्रात पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन म्हणतात. आपण त्यांना सोयीसाठी कडीची द्रव्ये म्हणू.

पुस्तकात यांना सेंद्रिय प्रदूषक असेही म्हटलेले असते, आणि तेथे आपल्या शेतकऱ्याचा घोटाळा होतो. आम्ही एका गटाच्या मेळाव्यात हा शब्द वापरला तेव्हा मागून आवाज आला, "सेंद्रिय हाय म्हंजे चांगलंच की!" आपल्याला सेंद्रिय म्हणजे शेणखत, मळी, गांडूळखत. केमिस्टच्या भाषेत ज्याच्यात कार्बनची बांधणी आहे ते सर्व सेंद्रिय, मग ती साखर असो की डांबर. तेव्हा शब्दावर जाऊ नये.

ही मोठ्या कड्यांची द्रव्ये वायूच्या रूपाने फार वेळ राहत नाहीत. धूर थंड झाला की ती काजळीच्या बारीक कणावर बसतात, आणि कणाबरोबर फुप्फुसात खोल उतरतात. गंमत अशी की बेंझो-अ-पायरीन आहे तसे फारसे काही करीत नाही. आपले शरीरच ते बाहेर टाकण्यासाठी पाण्यात विरघळेल असे करावयास जाते, आणि त्या खटपटीत त्याचे असे रूप तयार होते की जे पेशीतल्या अनुवंशाच्या धाग्याला, डीएनएला, जाऊन चिकटते. चिकटल्या जागी नक्कल करताना चूक होते. अशा चुका वर्षानुवर्षे साठत गेल्या की त्यातून कॅन्सर होऊ शकतो. म्हणून आज धूर घेतला आणि उद्या आजारी पडला असे याचे नसते. आगगाडीच्या काळात कोणाचे काय बिघडले असे जो विचारतो, त्याला ते दिसले नाही याचे कारण हे.

पण पाहणाऱ्यांनी पाहिले होते. लंडनमधील सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली लिहून ठेवले की धुराडी साफ करणाऱ्या माणसांना अंडकोशाच्या कातडीचा एक विशिष्ट कॅन्सर होतो. त्यांना लहानपणीच अरुंद धुराड्यात चढवीत, आणि कोळशाची काजळी कातडीच्या घडीत बसून राही. कामधंद्यातून होणारा कॅन्सर म्हणून नोंदला गेलेला हा पहिला. त्यानंतर १४० वर्षांनी, १९१५ साली, टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशाच्या कानाला कोळशाचे डांबर महिनोन्महिने लावून कॅन्सर उत्पन्न करून दाखविला. आणि १९३३ साली लंडनच्या संशोधकांनी दोन टन डांबर गाळीत गाळीत शेवटी त्यातून जे हुडकून काढले ते हे बेंझो-अ-पायरीन. दोन टनांतून चिमूटभर माल! आपल्या लॅबोरेटरीतील मंडळींना या चिकाटीची किंमत कळेल.

आता जी गोष्ट मुख्य आहे तिच्याकडे येतो. चीनच्या युनान प्रांतात श्वानवेई नावाचा तालुक्यासारखा डोंगराळ, शेतकरी वस्तीचा भाग आहे. कोळसा घराच्या दाराशी निघतो. पिढ्यान् पिढ्या लोक घरातल्या जमिनीत खळगा करून त्यात कोळसा जाळीत. वर धुराडे नाही. १९७० च्या दशकात चीनने देशभर कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंची पाहणी केली तेव्हा या भागात फुप्फुसाच्या कॅन्सरचे प्रमाण विलक्षण निघाले. आणि नवल हे की बायकांमध्ये ते जवळजवळ पुरुषांइतकेच होते. तेथील पुरुष बहुतेक सारे तंबाखू ओढणारे. बायका जवळजवळ कोणीच ओढीत नव्हत्या. मग बायकांना हा रोग कशाने? बायका स्वयंपाक करीत होत्या.

चिनी आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून तेथे काम केले. १९८७ साली ते जगापुढे आले. त्या एकाच भागात तीन तऱ्हेची जळणे होती : काही गावांत धुराचा कोळसा, काहींत बिनधुराचा, काहींत लाकूड. धुराच्या कोळशाच्या घरांतील हवेत कडीची द्रव्ये खच्चून भरलेली सापडली आणि रोगही त्याच गावांत. पुढे २०१२ साली जो हिशोब प्रसिद्ध झाला तो वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले. धुराचा कोळसा वापरणाऱ्या बायकांत वयाच्या सत्तरीच्या आत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा संभव शंभरात २०, पुरुषांत १८. बिनधुराचा कोळसा वापरणाऱ्यांत शंभरात अर्धासुद्धा नाही. जळण दोन्हीकडे कोळसाच, चूल दोन्हीकडे घरातच.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती आमच्या मते सर्वांत मोलाची. १९७० च्या दशकापासून त्या घरांतून धुराडे असलेल्या चुली बसू लागल्या. २१,२३२ शेतकऱ्यांची १९७६ ते १९९२ अशी नोंद ठेवली गेली, आणि २००२ साली निष्कर्ष निघाला : ज्यांनी धुराड्याची चूल घातली त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पुरुषांत १०० चे ५९, बायकांत १०० चे ५४. औषध नाही, ऑपरेशन नाही, चुलीवर एक नळकांडे. फायदा दिसू लागावयास मात्र सुमारे दहा वर्षे लागली.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधनाची संस्था फ्रान्समध्ये लिऑं येथे आहे. तिने घरात कोळसा जाळून होणारा धूर निश्चित कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातला आहे. लाकूड, पाचट, गोवरी यांचा घरातील धूर त्याच्या खालच्या, बहुधा कॅन्सर करणाऱ्यांच्या गटात आहे. म्हणजे चुलीचा धूर चांगला असे नव्हे. दमा, खोकला, मोतीबिंदू यांना तो पुरेसा आहे. परंतु दगडी कोळशाची शेगडी ही त्याच्याही पुढची पायरी आहे.

आता चीनमधून आपल्या आवारात येऊ.

काही वर्षांपूर्वी ऊस कमी पडला होता, गाळप लवकर आटोपत आले, बगॅस पुरेना, तेव्हा आपल्याकडे बॉयलरसाठी काही ट्रक दगडी कोळसा आणून यार्डात टाकला होता हे जुन्या मंडळींना आठवत असेल. यार्डाला लागून तोडणी मजुरांच्या कोप्या होत्या. आम्ही एका पहाटे टोळीचा हिशोब मिटविण्यासाठी मुकादमाकडे गेलो होतो. एका कोपीत वाकून पाहिले तर तेलाच्या पत्र्याच्या डब्याची शेगडी, डब्याला खाली भोके, वर दगडी कोळसा धुमसतो आहे. कोपी म्हणजे बांबूच्या चटया, वर प्लॅस्टिकचा कागद, पुढे पोत्याचा पडदा. धुराला वाट कोठून? कागदाच्या आतल्या अंगाला काळा चिकट थर जमला होता. बोट लावून वास घेतला तर ट्रंक उघडल्यावर येतो तो, डांबराच्या गोळीचा. खाली गोधडीत दोन पोरे निजलेली, त्यांतले एक खोकत होते. त्या खोकल्याचा आणि धुराचा संबंध डॉक्टरांनीच सांगावा, आम्ही सांगत नाही.

आम्ही विचारले, "मावशी, हा कोळसा कशाला आणला? पाचट काय कमी आहे का?" त्यावर त्या बाईंनी दिलेले उत्तर आमच्या अजून ध्यानात आहे. "साहेब, पाचट भडाभडा जळून जातंय. ह्याचा इस्तू रातभर ऱ्हातो. पहाटं दोनला तोडीला जायचं, तवा फुकणी घिऊन कोण बसंल?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. वॉचमनकडे बोट दाखविणे सोपे आहे. तो बिचारा रात्री पाटीभर कोळसा नेणाऱ्या बाईला अडवीत नव्हता यात त्याची माणुसकीच होती. पाटीत काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर आम्हांसही तेव्हा नीटसे ठाऊक नव्हते. डिप्लोमाला असताना हुमणी आणि खोडकिडा शिकविला, धूर कोणी शिकविला नाही.

हे आपल्याकडेच होते असे नाही. झारखंडात धनबाद, झरिया भागात सायकलवर कोळशाची पोती लादून मैलोन् मैल ढकलीत नेणारी माणसे दिसतात. तो कोळसा उघड्यावर अर्धवट भाजून धूर घालवितात आणि मग चुलींसाठी विकतात. जेथे कोळशाचा ढीग तेथून शेगडीपर्यंत वाट पडतेच. ढीग आपल्या यार्डात झाला तरी वाट पडेल.

दुसरी वाट वीटभट्टीची. ही तर सभासदांच्या स्वतःच्या रानातून जाते. नदीकाठचे पोयट्याचे रान खोडवा मोडल्यावर भट्टीला देण्याची रीत वाढते आहे. आमच्या खात्याला याचे दुःख आधीच आहे, कारण वरचा थर गेला की त्या रानात पुढे टनेज कसे आणावे हे कोणी आम्हांस सांगत नाही, फक्त विचारतो. पण आज विषय जळणाचा. कोळशाच्या ढिगाखाली चुरा राहतो. तो बॉयलरला नको असतो, मग तो स्वस्तात भट्टीला जातो. गावठी भट्टीत विटांच्या थरात चुरा पसरून आग लावून देतात, ती दिवसचे दिवस धुमसते. हवा कमी, आग थंड. कडीची द्रव्ये तयार होण्यास यापेक्षा चांगली व्यवस्था कोणी मुद्दाम केली नसती. चुरा संपला की काय जाळतात ते विचारू नये. एका भट्टीवर आम्ही टायरचे तुकडे, तुटक्या चपला आणि पीव्हीसी पाइपचे तुकडे पाहिले. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते, ते अशा आगीत सापडले की डायॉक्सिन नावाची द्रव्ये होतात. ती मोडत नाहीत, वर्षानुवर्षे टिकतात, गवतावर बसतात, गाईच्या पोटात जातात आणि दुधाच्या स्निग्धांशात उतरतात. या द्रव्यांना आळा घालण्यासाठी २००१ साली स्टॉकहोम येथे जगातील देशांनी करार केला, आपल्या देशाने त्यास २००६ साली मान्यता दिली. करार दिल्लीत आहे, भट्टी आपल्या मळ्यात आहे.

त्या रानाचे मालक आमच्या ओळखीचे, वयाने वडील. आम्ही म्हणालो, "आप्पा, भट्टीत काय घालतात बघता का कधी?" ते म्हणाले, "मला काय म्हाईत? जमीन दिली, पैसं घेटलं. जळण त्यांचं." त्यांची म्हैस भट्टीपासून पन्नास पावलांवर बांधलेली होती आणि तिचे दूध घरातली नातवंडे पीत होती.

आता कोणी म्हणेल, मग खुद्द बॉयलरचे काय? प्रामाणिकपणे सांगतो, तो या यादीत सर्वांत शेवटी येतो. नीट चालणाऱ्या मोठ्या बॉयलरच्या भट्टीत उष्णता हजार अंशांच्या आसपास व वर असते, पंख्याने हवा मोजून दिलेली असते, वायूला जळावयास वेळ मिळतो. अशा आगीत कडीची द्रव्ये बहुतांशी जळून जातात. शेगडीतला एक किलो कोळसा या बाबतीत जेवढी घाण करतो तिच्या मानाने बॉयलरमधल्या किलोची घाण अगदी थोडी. अपवाद दोन. अग्निप्रदीपनानंतर भट्टी तापेपर्यंतचा वेळ, आणि ओले जळण किंवा हवेचा हिशोब चुकल्यामुळे काळा धूर निघू लागतो ती वेळ. तो काळा धूर बगॅसचा असला तरी चांगला नसतो, आणि बॉयलर हाऊसमधील मंडळींनी तो दिसताच हालचाल करावी ही अपेक्षा गैर नाही. कोळशाच्या बॉयलरची इतर दुखणी आहेतच. आपल्या देशातील कोळशात राख फार, शंभरात तीस-चाळीस भाग सुद्धा, ती कोठे टाकणार हा प्रश्न आहे. उसाच्या पट्ट्यात तरी टाकू देणार नाही. परंतु धुरातील कडीच्या द्रव्यांपुरते बोलावयाचे तर चिमणीकडे बोट दाखवून भागणार नाही.

आणि आपलेही बोट आपल्याकडे वळवावे लागेल. तोडणी झाली की फडात हेक्टरी ८ ते १० टन पाचट पडते, आणि सायंकाळी काडी लागते. उघड्यावर, जमिनीलगत, खालचे ओलसर, वरचे वाळलेले, मध्ये हवा नाही. त्या धुरातही हीच कडीची द्रव्ये असतात. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने उभा ऊस जाळून तोडण्याची आपली जुनी रीत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा २००२ साली केला, त्यामागे धुराच्या तक्रारी होत्या. पाचट कुजविण्याचे आम्ही इतक्या वेळा सांगितले आहे की आता आमचे आम्हांलाच ऐकून कंटाळा येतो : टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो जिवाणू, आणि बुडख्यांवरचे पाचट सरीत. ज्यांनी केले त्यांच्या खोडव्याला पाण्याच्या पाळ्या कमी लागल्या हे त्यांनाच विचारावे. चिमणीचा धूर बंद करा म्हणून अर्ज देणाऱ्या एका सभासदाचा फड त्याच आठवड्यात धडाडून पेटलेला आम्ही पाहिला, त्यांचे नाव येथे देत नाही.

तर सूचनेबद्दल आमचे मत असे. बगॅस विकून कोळसा आणू नये. टनामागे चार पैशांचा हिशोब ज्यांनी मांडला त्यांनी बॉयलरच्या तोंडापर्यंतचा मांडला आहे. पाटीतून कोपीत आणि चुऱ्यातून भट्टीत जाणारा कोळसा त्यात नाही, कारण तो कोणाच्याच रजिस्टरला येत नाही. बगॅस आपल्या शेतात पिकतो. त्याची काडी कोणी शेगडीसाठी चोरून नेत नाही, नेली तरी ती रातभर धुमसत नाही.

संचालक मंडळाने सर्व बाजू पाहून तरीही कोळसा आणावयाचा ठरविले तर तो त्यांचा अधिकार आहे. अशा वेळी निदान ढिगाभोवती भिंत असावी, चुरा बाहेर विकू नये, तो ओलवून बॉयलरमध्येच घालावा. आणि त्याच्या आधी, कोळसा येवो वा न येवो, टोळ्यांच्या जळणाची सोय करावी. मजुरांच्या घरी गॅस आहे, पण तो गावाकडे, आणि चूल इकडे सहा महिने. लहान सिलिंडर हंगामापुरते उचल म्हणून मुकादमामार्फत नव्हे तर सरळ कोपीला देता येतील का, हे कामगार कल्याण समितीने पाहावे. मुकादमामार्फत दिले तर ते कोठे जातील हे सांगावयास नको. गॅस जमला नाही तर पत्र्याचे धुराडे असलेली चूल आपल्या वर्कशॉपमध्येच होईल. श्वानवेईच्या शेतकऱ्यांनी यापेक्षा फार मोठे काही केलेले नाही. या खर्चाला काही सभासद नाक मुरडतील. टोळी आपली नव्हे, ती ठेकेदाराची, असे आमच्या कानावर आलेले आहे. ज्यांचा ऊस लवकर तुटला नाही म्हणून जे आमच्या टेबलावर हात आपटतात, त्यांनी तरी असे म्हणू नये.

भट्टीला रान देणाऱ्या सभासदांना आमची विनंती आहे की करार कागदावर करावा आणि त्यात टायर, प्लॅस्टिक, रबर जाळणार नाही असे एक वाक्य घालावे. कागद करणे जमत नसेल तर गट कार्यालयात या, नमुना लिहून देऊ. यापुढे आमचे पीक सहाय्यक लागण नोंदीला येतील तेव्हा भट्टी असलेल्या रानात जळण काय आहे ते पाहून लिहितील. कोणी रागावू नये.

टोळ्या यावयास अजून अवधी आहे. या खेपेस टोळीच्या नोंदीचे जे कोरे तक्ते गट कार्यालयांना पाठविले आहेत त्यांत एक रकाना आम्ही वाढविला आहे : चूल. त्यात पाचट, लाकूड, गॅस की कोळसा एवढेच लिहावयाचे आहे. ज्यांच्या रानात कोप्या पडतात त्या सभासदांनी चिटबॉयला बाहेरून उत्तर सांगून वाटेला लावू नये, पडदा बाजूला सारून आत नेऊन दाखवावे.